दौंडला पाठवलेलं पाणी

पिराचीवाडी, ता. शिरूर
९ ऑगस्ट २००१

चि. सारिकास,
इरशादमामाचे आशीर्वाद.

बाटल्या ऑफिसच्या, पाणी झऱ्याचं, तेव्हा मामा खर्च काहीच नाही, असं तू लिहिलं होतंस. काहीच नाही म्हणजे किती ते ऐक. थर्माकोलचं खोकं फाट्यावरच्या औषधवाल्याचं, त्या बदल्यात त्याचा टेबलफॅन मी फुकट बांधून द्यायचा. बर्फ गारेगारवाल्याकडून, तो दौंडच्या गाडीची वाट बघता बघता निम्मा झाला. कंडक्टर म्हणाला, खोक्यात मासळी असली तर गाडीत घेणार नाही. त्याची समजूत काढायला भज्यांच्या दोन प्लेटी. दुकान अर्धा दिवस बंद, विहिरीवरच्या दोन जळालेल्या मोटारींत तार भरायची राहिली. सगळं धरलं तर एक लिटर पाणी मला दोनशे सत्तर रुपयांना पडलं. एवढ्यात घरात आठवडाभर म्हशीचं दूध आलं असतं.

तरी माझी तक्रार नाही. खाणींजवळचे झरे आणि ओढे तपासायचं एवढं मोठं काम तुमच्या प्रयोगशाळेला मिळालं, त्यात आपला पिराचा झरा आला, आणि दर महिन्याला बाटली भरायला तू तुझा हा राखीमामा निवडलास. बबनरावाला आपली शेजारची खाण झऱ्याच्या वरच्या अंगाला न्यायची आहे, जानेवारीत तहसीलला सुनावणी आहे, आणि तिथं ह्या बाटल्याच बोलणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. वरचा डोंगर फुटला तर झरा राहत नाही, एवढं सातवी पास माणसालाही कळतं.

परवा राखी बांधायला तुझी आई आली तेव्हा मी तिला बाटल्या दाखवल्या. म्हणाली, "दादा, दौंडाला सायबाफुढं जायाचं पानी. जरा बरं दिसाया नगं का?" मी म्हणालो, ते तर हायच. मग आम्ही दोघांनी मिळून व्यवस्थित भरल्या. काळजी करू नकोस.

तुझा,
इरशादमामा

*

दौंड
२१ ऑगस्ट २००१

प्रिय इरशादमामा,
सा. न.

बाटल्या मिळाल्या. बर्फ नव्हता, पण पाणी गार होतं. भज्यांचे पैसे ऑफिस देणार नाही, ते मी देईन.

मामा, निकाल मी दोनदा तपासून बघितला. गढूळपणा नावालाही नाही. पाणी इतकं नितळ की आमचे साहेब म्हणाले, ही बाटली विकत आणलीय का? मी त्यांना आधी काय सांगितलं होतं, माहीत आहे? आमच्या वाडीच्या वर क्रशर आहे, खडी धुतलेलं पाणी आणि भुकटी झऱ्यात उतरते, सुरुंग उडाला की झरा ताकासारखा पांढरा होतो. आई चैत्रात तसं म्हणाली होती. मी ते बैठकीत बोलले, बबनरावांच्या समोर. आता तुमची बाटली त्यांच्या बाजूनं बोलतेय.

साहेब म्हणाले, "मॅडम, आधी मोजायचं, मग बोलायचं." त्यांचं बरोबर आहे. बबनरावांना मी फोन करून माफी मागितली. ते हसले. म्हणाले, "पोरी, तू आमच्या ईश्वरची लेक. तुझा राग धरीन व्हय?" त्या हसण्यानं मला जास्त लागलं.

आणखी एक, रागावू नका. बाटली झऱ्याच्या तोंडाशीच भरायची, त्याच पाण्यानं आधी विसळायची, आणि पाणी जसं आहे तसं भरायचं. गाळायचं नाही, निवळायला ठेवायचं नाही. तुम्ही तसंच केलं असणार, तरी लिहायची माझी नोकरी आहे.

तुमची,
सारिका

*

पिराचीवाडी
१२ सप्टेंबर २००१

चि. सारिकास आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात वाचलं. समोरची उघडी मोटार तशीच बाजूला सरकवली. तू माफी मागितलीस हे बरं केलं नाहीस. आता मागितलीसच, तर मोठ्यांपुढं वाकल्यानं कुणी लहान होत नाही.

इकडची हकीकत अशी. निकालाचा कागद बबनरावानं तुमच्या ऑफिसातून मिळवला आणि ग्रामसभेत मोठ्यानं वाचला. वर पेढे वाटले. म्हणाला, "पिराच्या झऱ्याचं पानी तालुक्यात येक नंबर. आन् ही खाण शेजारी आसताना." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या पाण्याला कुणी चांगलं म्हणालं तर कोण नको म्हणेल? गेल्या वर्षी मांडवगणची सोयरीक मोडली, तेव्हा त्या पाव्हण्यांतल्या विहीणबाईनं तांब्यातलं पाणी बघून तोंड वाकडं केलं होतं. ती बाई लोकांच्या डोक्यात अजून आहे. साखरबाई तर परवा मला म्हणाली, "आता येऊ दी म्हनावं तिला कागुद वाचाया." साखरबाईची तीन नातवंडं लग्नाची आहेत.

मलाही नारळ दिला. "इरशादभाईच्या हातची बाटली म्हंजी सरकारी मोहोर," असं बबनराव म्हणाला. आपणही म्हणालो, व्हय, माझ्या हातून निघालेल्या मोटारीची आणि बाटलीची तक्रार परत येत नाही. लोक हसले, बरं वाटलं.

ह्या महिन्याची बाटली सोबत आहे. मागच्यासारखीच भरली आहे. मागची चांगली होती, तेव्हा वेगळी कशाला?

इरशादमामा

*

दौंड
२६ नोव्हेंबर २००१

प्रिय इरशादमामा,

दिवाळीत घाईघाईत भेट झाली, बोलायचं राहून गेलं. तुम्ही फाट्यावरच होता सगळे दिवस. आई म्हणाली, दादाला कामातनं डोकं वर काढता येत नाही. मी एकटीच झऱ्यावर जाऊन आले. खरोखर नितळ आहे, मामा. क्रशर बंद होता, वडार मंडळी आपापल्या गावी गेलेली, सगळीकडे शांत. लहानपणी तुम्ही मला तिथं बसवून सांगायचा, कान लाव, पाणी डाव्या फटीतून येतंय की उजव्या ते ओळख. मला कधीच ओळखता आलं नाही.

आता मोठी बातमी. गढूळपणा नाही म्हणून मी गप्प बसले नव्हते. बाकीच्या तपासण्या करत राहिले. तुमच्या बाटल्यांत एक चमत्कारिक गोष्ट सापडली. सल्फेट. दर महिन्याला थोडं जास्तच. आणि पाणी किंचित आंबट होत चाललंय. आपल्याकडच्या काळ्या दगडात असं सहसा दिसत नाही. साहेबांनी पुस्तकं काढली. त्यांचा अंदाज, डोंगराच्या पोटात कुठंतरी गंधकाचा थर असावा. खाण खोल गेली, हवा-पाणी लागलं, आणि ते आता झऱ्यात सुटतंय. डोळ्यांना पाणी स्वच्छ, पण आतून खाण बोलतेय. म्हणजे मी सुरुवातीला जे म्हणाले ते वेगळ्या वाटेनं खरं ठरलं.

सुनावणी सोळा जानेवारीला आहे. साहेब ते मलाच मांडायला देणार आहेत. परिषदेत निबंध वाचायचा, त्यावर माझंही नाव येणार. नोकरीला दोन वर्षं होताहेत, पहिल्यांदाच मला कुणी खुर्ची ओढून बसायला दिलं.

डिसेंबरची बाटली नक्की पाठवा. ती शेवटची, तिच्यावर सगळं आहे. झरा वाचला तर तुमच्या हातानं वाचला, असं मी सगळ्यांना सांगणार आहे.

तुमची,
सारिका

*

पिराचीवाडी
१४ डिसेंबर २००१

चि. सारिकास,

रोजे संपत आले. दिवसभर घोटभर पाणी तोंडात नाही, अशा वेळी पाण्याबद्दल खोटं लिहायला हात रेटत नाही.

मंगळवारी शिरूरच्या गाडीत माझ्या पुढच्या बाकावर बबनरावाचा मुकादम आणि त्याचा मेव्हणा बसले होते. मी मोटारीचं बेअरिंग रस्त्यावरून ऐकणारा माणूस, त्यांना वाटलं झोपलोय. मुकादम म्हणाला, "पोरगी म्हंती, पाण्यात गंधक हाय. आपल्या मालकानं सोत्ता बाटली भरून पुन्याला धाडली. गंधक न्हाई, कायबी न्हाई. सुनावणीत तिला उभी करू दे की. मंग बघ तमाशा."

ह्या खेपेला दोन बाटल्या पाठवतो. पहिली नेहमीसारखी भरलेली आहे. दुसरीत झऱ्याचं पाणी आहे.

सुनावणीच्या आधी दोन्ही तपास.

इरशाद

*

दौंड
२० डिसेंबर २००१

श्री. इरशाद शेख यांस,

पहिल्या बाटलीत तुरटी आहे. सल्फेट तिचं. आंबटपणा तिचा. पाच महिन्यांचा गंधकाचा थर आमच्याच स्वयंपाकघरात होता.

दुसऱ्या बाटलीचा गढूळपणा अठ्ठेचाळीस आहे. दहाच्या वर पाणी प्यायला चालत नाही. नायट्रेटही मर्यादेच्या वर आहे. ते सुरुंगाच्या दारूतून येतं आणि तुरटीनं जात नाही. पाचही बाटल्यांत ते थोडंथोडं चढत होतं. मी सल्फेटच्या नादात त्याच्याकडे बघितलंच नाही. तेवढी चूक माझी आहे.

साहेबांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. निबंधाचा कागद त्यांनी दुमडून खिशात ठेवला. सुनावणीला आता ते स्वतः जातील. मी जायचं नाही, असं ठरलं आहे. तुम्ही यावं, अशी त्यांची विनंती आहे. माझी नाही.

कधीपासून, आणि का, एवढंच कळवा. आई काय म्हणाली ते लिहू नका. तिला मी विचारीन.

सारिका

*

पिराचीवाडी
२४ डिसेंबर २००१

सारिका,

पहिल्या बाटलीपासून.

आधी मी झऱ्याच्या तोंडाशीच भरली होती. आदल्या दिवशी खाणीत सुरुंग झाले होते. बाटली उजेडात धरली तर खाली भुकटी बसायला लागलेली. त्यापेक्षा चुन्याचं पाणी बरं दिसेल. तीच पाठवायची होती. तेच तर तुला हवं होतं. पण हातात धरल्यावर लाज वाटली. घरात पाव्हणा आला आणि आपण त्याच्यापुढं असला तांब्या ठेवला, असं वाटलं. पाव्हण्याला आपण चहा नसला तरी चालवून घेतो, पण पाणी नितळच द्यायचं, हे हाडात बसलंय. दौंड म्हणजे साहेब, साहेब म्हणजे पाव्हणा. तपासणारा माणूस पाव्हणा नसतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. घागरीत ओतलं, फडक्यानं गाळलं, तुरटी चार वेढे फिरवली, रात्रभर ठेवलं. दोघांनी मिळून केलं. आईचं नाव लिहू नको म्हणालीस, म्हणून लिहीत नाही.

हे पहिल्या वेळचं. ते अडाणीपण म्हणून तू कदाचित पोटात घालशील. पुढचं तसं नाही. तुझं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हा मला सगळं कळलं होतं. गाळू नका, निवळू नका, साध्या अक्षरात लिहिलं होतंस. तू माफी मागितलीस तेही त्यात होतं. तेव्हाच लिहायला हवं होतं. पण ग्रामसभेत टाळ्या झाल्या, नारळ मिळाला. पत्र्याच्या टपरीत स्टोव्हच्या पिना विकत मी इथवर आलो. ह्या गावानं मला काम दिलं, उधारी दिली, पण नारळ पहिल्यांदा दिला. पाण्याचं कौतुक मला माझं वाटायला लागलं. मग दर महिन्याला तुरटी.

दिवाळीत तू आलीस तेव्हा मी फाट्यावर होतो. काम नव्हतं. शटर अर्धं ओढून आत बसलो होतो.

सोळा तारखेला जातो.

इरशाद

*

पिराचीवाडी
१८ जानेवारी २००२

सारिका,

तू नव्हतीस, म्हणून झालं तसं लिहितो.

तहसीलच्या वरच्या खोलीत सुनावणी झाली. वाडीची पस्तीस-चाळीस माणसं, तुझी आई, साखरबाई, तुझे वडील दाराशी. बबनराव पांढऱ्या कपड्यांत, शेजारी वकील. तुमच्या साहेबांनी उठून एका वाक्यात सांगितलं, की आमचे पाच महिन्यांचे नमुने शुद्ध नव्हते, ते आम्ही मागे घेतो. बबनरावाची तयारी वाया गेली. गंधकावर हसायला आणलेला पुण्याचा कागद त्याच्या हातातच राहिला.

मग अधिकाऱ्यानं विचारलं, नमुने कुणी भरले? मी उभा राहिलो. तुरटीचं सांगितलं. खोली हसली. परके हसले असते तर सोसलं असतं, आपलीच माणसं हसत होती.

बबनराव म्हणाला, "इरशादभाई, पाच म्हयने तुम्ही खोटं पानी भरलं. मंग आज खरं बोलताय ह्ये कशावरनं?"

 

तेवढ्यात तुझी आई उठली. पदर सावरून म्हणाली, "तुरटी माझी व्हती. फडकंबी माझं. सायेब, आमी रोज तसंच पेतो. गाळल्याबिगार त्ये पानी पेववत न्हाई. लाज आमची, पर भुकटी ह्येंची हाय." आणि बबनरावाकडं बोट केलं. अधिकारी तिला बस म्हणाला तरी ती उभीच. साखरबाई मागून म्हणाली, "दुसरी बाटली बगा की, सायेब. त्यात तुरटी न्हाई." तिला कुणी विचारलं नव्हतं.

निकाल असा. तुमच्या बाटल्या धरायच्या नाहीत. बबनरावाची बाटलीही नाही, कारण ती त्यानंच भरलेली. दुसऱ्या बाटलीला एका बाटलीची किंमत, म्हणजे काहीच नाही. आणखी चार महिने नव्यानं नमुने घ्यायचे, वाडीसमोर. तोवर वरच्या अंगाला सुरुंग नाही. आत्ताची खाण आणि क्रशर चालू राहील.

पहिल्या बाटलीपासून खरं पाणी आलं असतं, तर वरच्या खाणीवरची बंदी परवाच लागली असती आणि कदाचित कायमची. हे मला कुणी सांगितलं नाही. अधिकाऱ्यानं फायली गोळा करताना कारकुनाला म्हटलं, हळूच. माझे कान तुला माहीत आहेत.

येताना गाडीत तुझी आई माझ्या शेजारी बसली. उतरताना म्हणाली, "दादा, माजंच चुकलं. मी म्हनले व्हते बरं दिसाया पायजे." मी म्हणालो, तू म्हणालीस आणि मी ऐकलं, आणि पत्रं मी लिहिली. मग ती तिच्या वाटेनं गेली.

तुझी नोकरी राहिली का, तेवढं कळव. एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

इरशाद

*

दौंड
१३ फेब्रुवारी २००२

मामा,

नोकरी आहे. बाहेरच्या कामावरून काढून आत बसवलंय. दुसऱ्यांच्या बाटल्या तपासते, निकालाखाली सही साहेबांची असते. परिषदेला कुणी गेलं नाही. खुर्ची आता मी स्वतःच ओढून घेते, त्यात काही बिघडत नाही.

आई शनिवारी आली होती. स्टेशनवर उतरल्या उतरल्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली. पांढुरकी, बुडाला भुकटी बसलेली. म्हणाली, "घे, जशी हाय तशी." मी तिथंच फलाटावर रडले. लोकांना वाटलं, आमच्या घरी कुणी गेलं.

तुमच्यावर मी रागावले होते, आणि अजून थोडी आहे. पण तुम्ही दुसरी बाटली पाठवली नसती, तर मी त्या खोलीत उभी राहून गंधकाबद्दल बोलले असते. ते मी विसरणार नाही. दोन्ही गोष्टी एकदम लक्षात राहतात, त्याला मी काय करू?

आता कामाचं. नवे नमुने दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. भरणाऱ्या माणसाचं नाव ग्रामसभेनं ठरवून कळवायचं आहे. आणि ते पाणी लहान बाळांना देऊ नका. वरच्या दुधात तर मुळीच नाही. नायट्रेट तुरटीनं जात नाही, उकळून तर वाढतं. हे वाडीला सांगायचं काम तुम्ही करा. घरोघर जाऊन. ते हसले तरी.

सारिका

*

पिराचीवाडी
६ मार्च २००२

चि. सारिकास आशीर्वाद.

घरोघर जाऊन सांगितलं. पहिल्या तीन घरांत हसले. चौथ्या घरात साखरबाईच्या नातसुनेच्या मांडीवर बाळ होतं, दुधाची बाटली हातात. ती हसली नाही. आता ती बाळापुरतं पाणी खालच्या आळीच्या हापशावरून आणते. लांब आहे, पण आणते. मग हसलेल्या घरांतल्या बायकाही तिच्या मागून जायला लागल्या.

ग्रामसभा झाली. नावं पुढं आली. मी हात वर केला नाही, केला असता तरी कुणी बघितलं नसतं, असं मला वाटतं. बबनरावाचा मुकादम मागून म्हणाला, "सरकारी मोहोर कुटं गेली?" ह्या वेळी कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

सोमवारी तुमच्या ऑफिसचा माणूस आला. त्याच्यासमोर बाटली भरली, बर्फात ठेवली, गाडीला दिली. दोन दिवस खाणीत सुरुंग नव्हते, तरी पाणी पांढरंच होतं. सगळ्यांनी बघितलं. कुणी पदरानं झाकलं नाही.

आपल्या झऱ्याच्या बाटल्या आता साखरबाई भरते. मी झऱ्याखालच्या ओढ्याच्या अलीकडे, लांब उभा होतो.

इरशादमामा